वॉलेस क्लेमेंट सॅबिन

वॉलेस क्लेमेंट सॅबिन (जन्म : १३ जून, १८६८, मृत्यू : १० जानेवारी, १९१९) हे अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ आणि हार्वर्ड विद्यापीठातील प्राध्यापक होते. इमारतींमधील ध्वनीच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या वास्तुध्वनिकी या शास्त्रशाखेचे ते जनक मानले जातात. बंदिस्त जागेतील निनाद किती काळ टिकेल, हे त्या जागेचे घनफळ आणि तिच्यातील ध्वनिशोषण यांवरून सांगणारे सूत्र त्यांनी प्रयोगांती मांडले. बॉस्टन शहरातील सिंफनी हॉल हे या सूत्राच्या आधारे बांधलेले पहिले संगीत सभागृह होय. ध्वनिशोषणाच्या एककाला त्यांच्या नावावरून सॅबिन असे नाव देण्यात आले आहे.

सॅबिन यांनी आपला नियम व्याख्यानगृहे, चर्च आणि संगीत सभागृहे यांसाठी शोधला. पुढे तो ध्वनिमुद्रणगृहे, चित्रपटगृहे आणि अलीकडे घरातील छोट्या चित्रपटकक्षांपर्यंत पोचला. ध्वनिशोषक फलक किती लावावेत, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या सूत्रातून मिळते. ते कोठे लावावेत, हा मात्र वेगळा प्रश्न आहे. लहान खोलीत या दुसऱ्या प्रश्नाला विशेष महत्त्व येते. लेखाच्या उत्तरार्धात सोलापूरसारख्या शहरातील एका नमुना खोलीच्या उदाहरणाने हा फरक स्पष्ट केला आहे.

बालपण आणि शिक्षण

सॅबिन यांचा जन्म अमेरिकेच्या ओहायो राज्यातील रिचवुड या गावी झाला. त्यांच्या वडिलांचे नाव हायलस सॅबिन आणि आईचे नाव ॲना वेअर सॅबिन असे होते. मुलांच्या शिक्षणाबाबत आई अत्यंत दक्ष होती. वॉलेस यांनी १८८६ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, ओहायो स्टेट विद्यापीठाची पदवी संपादन केली. तेथे भौतिकशास्त्रज्ञ टॉमस कॉर्विन मेंडेनहॉल यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले.

त्याच वर्षी ते पुढील शिक्षणासाठी हार्वर्ड विद्यापीठात दाखल झाले. १८८८ साली त्यांना एम.ए. ही पदवी मिळाली. डॉक्टरेटसाठी त्यांनी प्रबंध सादर केला नाही. आरंभीच्या काळात त्यांचे काम प्रकाश आणि विद्युत या विषयांशी संबंधित होते. मात्र त्यांचा ओढा संशोधनलेखनापेक्षा अध्यापनाकडे अधिक होता आणि विद्यार्थ्यांमध्ये ते उत्तम शिक्षक म्हणून ओळखले जात. १८९५ साली ते साहाय्यक प्राध्यापक झाले. त्यांच्या आयुष्याला वळण देणारे काम त्याच वर्षी त्यांच्याकडे आले.

फॉग व्याख्यानगृहाचा प्रश्न

१८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात फॉग कलासंग्रहालयाची नवी इमारत उभी राहिली. नामवंत वास्तुविशारद रिचर्ड मॉरिस हंट यांनी तिचा आराखडा केला होता. इमारतीतील अर्धवर्तुळाकार व्याख्यानगृह दिसायला देखणे होते, पण वक्त्याचे बोलणे श्रोत्यांना समजत नव्हते. उच्चारलेला एक शब्द रिकाम्या दालनात सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही. तेवढ्या वेळात वक्ता आणखी दहा-पंधरा शब्द बोलून जाई आणि सर्वांचा मिळून एकच कल्लोळ होई. नव्याने बांधलेले दालन त्यामुळे वापराविना पडून राहण्याची वेळ आली.

विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स विल्यम एलियट यांनी हा दोष दूर करण्याचे काम सत्तावीस वर्षांच्या सॅबिन यांच्यावर सोपवले. तोपर्यंत ध्वनिशास्त्रात त्यांनी कोणतेही संशोधन केलेले नव्हते. त्या काळी सभागृहाचा आवाज चांगला लागणे ही बरीचशी नशिबाची बाब समजली जाई. वास्तुविशारद लांबी, रुंदी व उंचीची ठरावीक प्रमाणे पाळत किंवा एखाद्या जुन्या यशस्वी सभागृहाची नक्कल करत. दालनात तारा ताणून बांधल्याने घुमणे कमी होते, अशीही समजूत होती. इमारत उभी राहण्यापूर्वी तिच्यातील ध्वनीविषयी खात्रीने काही सांगण्याची पद्धत कोणाकडेच नव्हती.

गाद्यांचे प्रयोग

त्याच विद्यापीठातील सँडर्स नाट्यगृह उत्तम श्रवणासाठी प्रसिद्ध होते. सॅबिन यांनी तेथील आसनांच्या गाद्या फॉग व्याख्यानगृहात आणून निनादात किती फरक पडतो, हे मोजण्यास सुरुवात केली. ध्वनीचा उगम म्हणून ५१२ कंपनांची ऑर्गनची नळी वापरण्यात आली. दाबाखालील हवा सोडून ती वाजवली जाई. नळी बंद होताच वेळनोंदणी यंत्र सुरू होई आणि निनाद ऐकू येईनासा होताच निरीक्षक कळ दाबे. ध्वनी मोजणारे विद्युत उपकरण तेव्हा उपलब्ध नव्हते. प्रशिक्षित कान हेच या प्रयोगाचे मुख्य साधन होते.

हे काम मध्यरात्रीनंतर चाले, कारण दिवसा रस्त्यावरील ट्रामगाड्यांच्या आणि वर्दळीच्या आवाजात निनादाचा शेवट नेमका टिपणे अशक्य होते. सॅबिन आपल्या साहाय्यकांसह रात्री गाद्या वाहून आणत, पहाटेपर्यंत मोजमापे घेत आणि सकाळी नाट्यगृह उघडण्यापूर्वी त्या जागेवर नेऊन ठेवत. गाद्यांची संख्या वाढवत नेली तसा निनाद घटत गेला. आसने, मार्गिका, व्यासपीठ आणि मागील भिंत अशा सर्व ठिकाणी गाद्या रचल्यावर तो सव्वा सेकंदाच्याही खाली आला.

अचूकतेबद्दल सॅबिन अत्यंत काटेकोर होते. निरीक्षकाच्या अंगावरील कपडेही ध्वनी शोषतात आणि वेगवेगळ्या रात्री वेगवेगळे कपडे घातल्याने आकडे बदलतात, हे लक्षात येताच त्यांनी तोवर घेतलेली तीन हजारांहून अधिक निरीक्षणे रद्द केली. त्यानंतर प्रत्येक प्रयोगाच्या वेळी ते तेच ठरावीक कपडे घालत.

सुमारे दोन वर्षे उलटली तरी सॅबिन निष्कर्ष मांडण्यास तयार नव्हते. हाती असलेली माहिती अपुरी आहे, असे त्यांना वाटे. एलियट यांच्या मते मात्र एक दालन दुरुस्त करण्यापुरती ती पुरेशी होती आणि त्यांनी तसा आग्रह धरला. अखेर १८९८ साली सॅबिन यांच्या सल्ल्यानुसार फॉग व्याख्यानगृहाच्या भिंतींवर केसांपासून बनवलेल्या नमद्याचे आच्छादन बसवण्यात आले. दालन वापरण्याजोगे झाले आणि पुढे अनेक दशके तेथे वर्ग भरत राहिले. ही इमारत १९७३ साली पाडण्यात आली.

निनादाचे सूत्र

१८९८ च्या ऑक्टोबर महिन्यात एलियट यांनी सॅबिन यांच्यापुढे आणखी मोठे काम ठेवले. बॉस्टन सिंफनी वाद्यवृंदाचे संस्थापक हेन्री ली हिगिन्सन यांना वाद्यवृंदासाठी नवे सभागृह बांधायचे होते आणि त्यांना ध्वनीविषयी शास्त्रीय सल्ला हवा होता. एका दालनाचा अनुभव दुसऱ्या, न बांधलेल्या सभागृहाला लागू करण्यासाठी सामान्य नियम आवश्यक होता. तो हाती नसल्याने सॅबिन प्रथम कचरले आणि जुन्या नोंदी घेऊन पुन्हा आकडेमोडीस बसले.

२९ ऑक्टोबर, १८९८ रोजी संध्याकाळी त्यांना नियम सापडला. दालनाच्या भिंतींचे स्वतःचे शोषण आणि बाहेरून आणलेल्या गाद्यांचे शोषण यांची बेरीज करून ती निनादकालाच्या जोडीने आलेखावर मांडली असता आयताकार अपास्त हा वक्र मिळत होता. याचा अर्थ निनादकाल आणि एकूण शोषण यांचा गुणाकार स्थिर राहत होता. हा स्थिरांक दालनाच्या घनफळाच्या प्रमाणात बदलतो, हेही त्यांच्या लक्षात आले. नियम सापडल्याची बातमी त्यांनी प्रथम आपल्या आईला सांगितली आणि त्यानंतर एलियट यांना कळवून सभागृहाचे काम स्वीकारले.

आजच्या स्वरूपात हे सूत्र असे सांगता येते : घनमीटरमधील घनफळाला ०.१६१ या संख्येने गुणून आलेल्या गुणाकाराला चौरस मीटरमधील एकूण शोषणाने भागले असता सेकंदांमधील निनादकाल मिळतो. सॅबिन यांनी स्वतः काढलेला स्थिरांक ०.१६४ होता. आधुनिक मूल्याशी तो किती जवळचा आहे, यावरून केवळ कानाने घेतलेल्या मोजमापांची अचूकता ध्यानात येते. निनादकाल म्हणजे ध्वनीची तीव्रता मूळ तीव्रतेच्या दशलक्षांश होण्यास, म्हणजेच ध्वनिपातळी ६० डेसिबलने उतरण्यास लागणारा वेळ.

शोषण मोजण्यासाठी सॅबिन यांनी उघड्या खिडकीचे माप स्वीकारले. उघड्या खिडकीवर पडलेला सर्व ध्वनी बाहेर निघून जातो आणि खोलीत परतत नाही, म्हणून तिचे शोषण पूर्ण, म्हणजे १ मानले. एखाद्या कापडाचा शोषणांक ०.५ असेल, तर त्या कापडाचे दोन चौरस मीटर हे उघड्या खिडकीच्या एका चौरस मीटरएवढे काम करतात. लाकूड, काच, गिलावा, गालिचे, खुर्च्या आणि माणसे अशा अनेक गोष्टींचे शोषणांक त्यांनी मोजून कोष्टकरूपात प्रसिद्ध केले. एकच पदार्थ खालच्या, मधल्या आणि वरच्या स्वरांना वेगवेगळ्या प्रमाणात शोषतो, हेही त्यांनी सविस्तर मोजून दाखवले.

सिंफनी हॉल

सभागृहाचे वास्तुविशारद चार्ल्स फोलन मॅकिम यांनी आरंभी ग्रीक नाट्यगृहासारखा आराखडा केला होता. तो बाजूला ठेवून लांबट पेटीसारख्या आकाराचे सभागृह बांधण्याचे ठरले. जर्मनीतील लाइपझिग येथील गेवांडहाउस हे सभागृह त्या काळी आदर्श मानले जाई. त्याचीच मोठी प्रतिकृती बांधावी, असा विचार पुढे आला होता. सॅबिन यांनी यातील धोका दाखवून दिला. सर्व मापे सारख्या प्रमाणात वाढवली तर घनफळ पृष्ठभागापेक्षा वेगाने वाढते आणि त्यामुळे निनादकालही वाढतो. प्रमाणे तीच राहिली तरी ऐकू येणारा परिणाम तोच राहत नाही. म्हणून लांबी, उंची, सज्जे आणि व्यासपीठ यांची मापे सूत्राच्या आधारे स्वतंत्रपणे ठरवण्यात आली.

१५ ऑक्टोबर, १९०० रोजी सिंफनी हॉलचे उद्घाटन झाले. सॅबिन यांनी भरलेल्या सभागृहासाठी २.३१ सेकंद निनादकालाचे भाकीत केले होते. पुढील काळातील मोजमापांत तो दोन सेकंदांच्या आत आढळला. श्रोत्यांच्या शोषणाचा त्या वेळचा अंदाज कमी होता, हे या तफावतीचे प्रमुख कारण होय.

उद्घाटनानंतर सर्वच प्रतिक्रिया अनुकूल नव्हत्या. जुन्या सभागृहाची सवय असलेल्या काही संगीतसमीक्षकांनी नव्या वास्तूच्या ध्वनीवर टीका केली. सॅबिन यांना ती जिव्हारी लागली. नंतरच्या काळात ते या सभागृहाविषयी फारसे बोलत नसत. वाद्यवृंद आणि श्रोते नव्या जागेला सरावले तसे मत पालटले. आज हे सभागृह जगातील सर्वोत्कृष्ट संगीत सभागृहांपैकी एक गणले जाते. मात्र हा लौकिक पूर्णपणे प्रस्थापित होण्याआधीच सॅबिन यांचे निधन झाले होते.

विवाह आणि नंतरचे संशोधन

सिंफनी हॉलचे उद्घाटन झाले त्याच वर्षी सॅबिन यांचा विवाह डॉ. जेन डाउन्स केली यांच्याशी झाला. त्या वैद्यकीय व्यवसायात होत्या. या दाम्पत्याला दोन मुली झाल्या. निनादावरील सॅबिन यांचे शोधनिबंध १९०० साली वास्तुविशारदांच्या एका नियतकालिकातून प्रसिद्ध झाले. हे ज्ञान प्रत्यक्ष इमारती बांधणाऱ्यांपर्यंत त्यामुळे लगेच पोचले.

१९०२ साली बॉस्टनमधील न्यू इंग्लंड संगीत महाविद्यालयात त्यांनी लहान खोल्यांवर एक महत्त्वाचा प्रयोग केला. पियानो शिकवण्याच्या पाच खोल्यांत गाद्या आणून व काढून निनाद कमी-जास्त केला जाई. सोबतच्या संगीतकारांनी केवळ ऐकून समाधानकारक स्थिती कोणती, ते सांगायचे होते. आपसात मोजमापांची माहिती नसतानाही त्यांनी निवडलेले निनादकाल एकमेकांच्या अगदी जवळ, सुमारे १.१ सेकंदाच्या आसपास होते. संगीताची अभिरुची व्यक्तिगत मानली जात असली, तरी जाणकारांचे कान आश्चर्यकारक एकमताने निर्णय देतात, हे या प्रयोगातून दिसून आले.

ध्वनी कोठून कोठे जातो, याचाही सॅबिन यांनी अभ्यास केला. नाट्यगृहाच्या उभ्या-आडव्या छेदांच्या लहान प्रतिकृती तयार करून त्यांत विजेच्या ठिणगीने ध्वनीचा स्पंद निर्माण केला जाई आणि श्लीरेन या प्रकाशीय पद्धतीने त्याचे छायाचित्र घेतले जाई. घुमटाकार छत किंवा वक्र भिंत ध्वनी एका जागी कसा गोळा करते, तसेच परावर्तित लहर कोणत्या आसनापर्यंत किती उशिरा पोचते, हे या छायाचित्रांत प्रत्यक्ष पाहता येई. १९१३ साली प्रसिद्ध झालेल्या नाट्यगृहांवरील निबंधात त्यांनी ही पद्धत मांडली.

रफाएल ग्वास्ताव्हिनो (धाकटे) यांच्यासोबत त्यांनी ध्वनी शोषणारी सच्छिद्र फरशी विकसित केली. दगडी दिसणाऱ्या भिंतींना नमदा किंवा कापड न लावता त्यांचे शोषण वाढवणे हा तिचा हेतू होता. न्यूयॉर्कमधील सेंट टॉमस चर्चमध्ये अशा फरशीचा वापर झाला. वास्तूचा भाग म्हणून तयार केलेल्या ध्वनिशोषक सामग्रीचा हा आरंभीचा नमुना होय.

१९०६ ते १९१५ या काळात सॅबिन यांनी हार्वर्डमधील उपयोजित विज्ञानाच्या विभागाचे अधिष्ठातापद सांभाळले. १९१७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर त्यांची निवड झाली.

महायुद्ध आणि मृत्यू

पहिल्या महायुद्धाच्या काळात सॅबिन युरोपात गेले. पॅरिस येथील सॉर्बोन विद्यापीठात त्यांनी व्याख्याने दिली आणि युद्धकाळातील मदतकार्यातही भाग घेतला. याच काळात त्यांना मूत्रपिंडाचा गंभीर आजार जडला. पुढे त्यांनी मित्रराष्ट्रांच्या विमानविषयक तांत्रिक कामात सहकार्य केले. अमेरिकेत परतल्यावर ते विमान उत्पादन विभागात तांत्रिक माहितीचे काम पाहू लागले. त्याच वेळी हार्वर्डमधील अध्यापनही चालू असल्याने केंब्रिज आणि वॉशिंग्टन यांच्या दरम्यान त्यांचा सतत प्रवास होत असे. प्रकृती ढासळत असूनही युद्ध संपेपर्यंत त्यांनी शस्त्रक्रिया लांबणीवर टाकली. १० जानेवारी, १९१९ रोजी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

इलिनॉय राज्यातील जिनीव्हा येथे उद्योजक जॉर्ज फेबियन यांनी सॅबिन यांच्या संशोधनासाठी रिव्हरबँक प्रयोगशाळा बांधली होती. तिचा उपयोग करण्यास सॅबिन यांना अवधी मिळाला नाही. त्यांचे नातलग आणि भौतिकशास्त्रज्ञ पॉल अर्ल्स सॅबिन यांनी तेथील काम पुढे नेले. सॅबिन यांचे निबंध १९२२ साली हार्वर्ड विद्यापीठाने ग्रंथरूपात प्रकाशित केले.

सूत्राची मर्यादा

सॅबिन यांच्या प्रयोगांत एक उल्लेखनीय गोष्ट दिसून आली होती. सर्वसाधारण दालनात निरीक्षक कोठेही उभा राहिला आणि गाद्या कोठेही ठेवल्या, तरी निनादकाल जवळपास तोच राही. मोठ्या दालनात ध्वनी शेकडो वेळा परावर्तित होऊन सर्व दिशांना सारखा पसरतो, म्हणून शोषकाची जागा गौण ठरते आणि केवळ एकूण शोषण महत्त्वाचे राहते. सूत्राचा साधेपणा या गृहीतावर उभा आहे.

हे गृहीत जेथे टिकत नाही, तेथे सूत्रही अपुरे पडते. शोषण फार जास्त असलेल्या खोलीत ध्वनी पसरण्याआधीच विरतो. सर्व पृष्ठभाग पूर्ण शोषक मानले, तर निनाद शून्य व्हायला हवा, पण सूत्रातून तसे उत्तर येत नाही. या त्रुटीसाठी कार्ल आयरिंग यांनी १९३० साली सुधारित सूत्र मांडले. लहान खोलीत खालच्या स्वरांच्या लहरी खोलीच्या मापाएवढ्या लांब असतात. त्यामुळे त्या सर्वत्र सारख्या न पसरता ठरावीक स्थिर आकृत्या निर्माण करतात. हा बदल कोणत्या वारंवारतेच्या आसपास होतो, याचे गणित जर्मन भौतिकशास्त्रज्ञ मानफ्रेड श्रोडर यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दिले.

केवळ आकारामुळे ध्वनीचे वर्तन कसे बदलते, याचे दक्षिण महाराष्ट्राच्या वाचकांना परिचित असलेले उदाहरण म्हणजे विजापूरचा गोल घुमट. सोलापूरपासून सुमारे १०० किलोमीटर अंतरावरील या वास्तूत एका बाजूला केलेली कुजबुज वक्र भिंतीच्या कडेने पलीकडच्या बाजूला स्पष्ट ऐकू येते आणि एकाच आवाजाचे अनेक प्रतिध्वनी उमटतात. अशा कुजबुजत्या सज्जांचा अभ्यास चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० च्या दशकाच्या आरंभी केला होता. घनफळ आणि शोषण यांचे आकडे माहीत असले, तरी तेवढ्यावरून गोल घुमटातील हा चमत्कार सांगता येत नाही.

घरगुती चित्रपटकक्षातील उपयोग

सोलापुरातील अनेक घरांत गिलावा केलेल्या भिंती, सिमेंटचे छत आणि शहाबादी किंवा चकचकीत फरशी आढळते. हे सर्व पृष्ठभाग ध्वनी जवळजवळ पूर्णपणे परतवतात. अशा घरातील ४.५ मीटर लांब, ३.५ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच खोली उदाहरणादाखल घेता येईल. तिचे घनफळ ४७.२५ घनमीटर आणि एकूण पृष्ठभाग ७९.५ चौरस मीटर होतो. सरासरी शोषणांक ०.०३ धरला, तर रिकाम्या खोलीचे शोषण सुमारे २.४ चौरस मीटर आणि निनादकाल ३ सेकंदांहून थोडा अधिक येतो. अशा खोलीत चित्रपटातील संवाद एकमेकांत मिसळतात. आवाज वाढवला की गोंगाट तेवढा वाढतो, शब्द स्पष्ट होत नाहीत.

चित्रपट पाहण्याच्या छोट्या खोलीत निनादकाल ०.४ सेकंदाच्या आसपास किंवा त्याहून कमी असावा लागतो. त्यासाठी सॅबिन यांच्या सूत्रानुसार एकूण १९ चौरस मीटर शोषण हवे. सोफा, जाड गालिचा, पडदे आणि माणसे मिळून ७ चौरस मीटर शोषण मिळते असे मानले, तर उरलेल्या ९.६ चौरस मीटरसाठी ०.८५ शोषणांकाचे साधारण साडेअकरा चौरस मीटर फलक लागतात. १.२ मीटर लांब आणि ०.६ मीटर रुंद आकाराचे हे सोळा फलक होतात. म्हणजे खोलीच्या पृष्ठभागाचा सुमारे सातवा भाग झाकला की पुरते. संपूर्ण खोली मढवण्याची गरज नसते.

येथवर सूत्राची मदत होते. हेच फलक जवळजवळ सर्व मागील भिंतीवर लावले, तरी कागदावर उत्तर तेच येईल. प्रत्यक्षात मात्र उघड्या राहिलेल्या दोन समांतर भिंतींमध्ये ध्वनी मागे-पुढे आदळत राहील आणि टाळी वाजवली असता फडफड ऐकू येईल. म्हणून लहान खोलीत फलकांची जागा ध्वनीच्या वाटेवरून ठरवली जाते. सॅबिन यांची छायाचित्रे जी वाट दाखवत, ती घरी साध्या आरशाने शोधता येते. श्रोता आपल्या जागी बसतो आणि दुसरी व्यक्ती बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवत नेते. श्रोत्याला आरशात ज्या ठिकाणी ध्वनिक्षेपक दिसतो, तेथून पहिले परावर्तन येते. पहिले फलक त्या जागी लावायचे असतात. छतावरील जागाही याच रीतीने मिळते.

वरील खोलीत ध्वनिक्षेपक बाजूच्या भिंतीपासून ०.९ मीटरवर आहे, श्रोता रुंदीच्या मध्यावर आहे आणि लांबीच्या दिशेने दोघांत २.४ मीटर अंतर आहे असे धरू. परावर्तनाची जागा ध्वनिक्षेपकापासून श्रोत्याकडे सुमारे ८० सेंटीमीटरवर येते. परावर्तित ध्वनी थेट ध्वनीपेक्षा सुमारे १ मीटर जास्त अंतर कापतो आणि ३ सहस्रांश सेकंद उशिरा पोचतो. एवढा लहान विलंब कानाला स्वतंत्र प्रतिध्वनी म्हणून जाणवत नाही. मात्र त्याने आवाजाचा पोत बदलतो आणि संवाद पडद्यावरील पात्राच्या दिशेने आल्यासारखा वाटत नाही.

खालच्या स्वरांसाठी कोपरे महत्त्वाचे असतात. या खोलीच्या लांबीशी निगडित सर्वांत खालची अनुस्पंदन वारंवारता सुमारे ३८ हर्ट्झ आहे. तिचा दाब पुढच्या-मागच्या भिंतींपाशी सर्वाधिक आणि खोलीच्या मध्यावर सर्वांत कमी असतो. त्यामुळे भिंतीला टेकून बसणाऱ्याला घुमारा अति वाटतो आणि नेमके मध्यावर बसणाऱ्याला तो नाहीसा झाल्यासारखा वाटतो. मागील भिंतीपासून साधारण १.७ मीटर पुढे बसल्यास दोन्ही टोके टळतात. ०.४ सेकंद निनादकाल धरता श्रोडर यांच्या गणितानुसार सुमारे १८४ हर्ट्झच्या खाली या खोलीत सॅबिन यांचे सूत्र भरवशाचे राहत नाही. १०० हर्ट्झच्या लहरीचा चतुर्थांश भागच सुमारे ८६ सेंटीमीटर भरतो. तिच्यावर भिंतीला चिकटवलेल्या ५ सेंटीमीटर जाडीच्या फलकाचा परिणाम अत्यल्प असतो. म्हणून कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत जाड शोषक उभे केले जातात आणि भिंतीवरील फलकांच्या मागे काही सेंटीमीटर हवेची पोकळी ठेवली जाते.

सोलापूरची चादर देशभर प्रसिद्ध आहे आणि तिला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. अशी चादर भिंतीला सपाट टांगली, तर ती मुख्यतः वरचे स्वर शोषते. चुण्या घालून आणि भिंतीपासून अंतर ठेवून टांगल्यास मधल्या स्वरांपर्यंत तिचा उपयोग होतो. खालच्या स्वरांवर मात्र तिचा परिणाम होत नाही. केवळ पातळ कापड किंवा पातळ फोम सर्वत्र लावलेली खोली त्यामुळे एकाच वेळी दबलेली आणि घुमणारी वाटते. कापड आणि फोम यांना आग लागण्याचा धोका असल्याने बंद खोलीत खनिज लोकरीसारखे न जळणारे भरण अधिक सुरक्षित ठरते. शोषक फलक खोलीतील घुमणे कमी करतात, पण शेजारी जाणारा आवाज थांबवत नाहीत. त्यासाठी जड भिंती आणि फटी नसलेली दारे लागतात.

वारसा

अमेरिकेच्या ध्वनिशास्त्र संस्थेतर्फे वास्तुध्वनिकीतील कार्यासाठी वॉलेस क्लेमेंट सॅबिन पदक दिले जाते. मुंबईतील राष्ट्रीय प्रयोगधर्मी कला केंद्रातील टाटा थिएटर १९८० साली खुले झाले. त्याची ध्वनिरचना सिरिल हॅरिस या अमेरिकन तज्ज्ञांनी केली होती. अशा सभागृहांचा आराखडा कागदावर असतानाच त्यांच्या ध्वनीचा हिशोब मांडला जातो. ही प्रथा सॅबिन यांच्यापासून सुरू झाली. संगणकाच्या साहाय्याने आज प्रत्येक परावर्तनाची वाट काढता येते. तरीही खोलीत किती शोषण हवे, हे ठरवताना पहिला हिशोब आजही सॅबिन यांच्या सूत्रानेच केला जातो.